ग्रिफिथ ब्रूअर नेमकं काय काम करत? सुरुवातीच्या विमानांमागचे पेटंट एजंट

प्रश्न : मेकॅनिकल इंजिनिअरिंगनंतर पेटंटच्या कामाकडे वळायचा विचार आहे. विमानं नुकती उडू लागली त्या काळात ग्रिफिथ ब्रूअर यांच्यासारखे पेटंट एजंट प्रत्यक्षात काय करत? आणि राइट बंधूंचं पेटंट जर ‘विमानाचं’ होतं, तर मुळात वेगळ्या बांधणीचं, अमेरिकेतल्या ग्लेन कर्टिस या विमान बांधणाऱ्याचं विमान त्यात कसं अडकलं?

उत्तर :

ब्रूअर यांचं नाव विमानाच्या इतिहासात बहुधा एका ओळीपुरतं येतं. ८ ऑक्टोबर १९०८ रोजी फ्रान्समध्ये, ल माँजवळ ओव्हूरच्या मैदानावर, विल्बर राइटच्या शेजारी बसून उडालेला पहिला इंग्रज. ओळ खरी आहे, पण त्यांचं काम समजून घ्यायचं तर पंधरा वर्षं मागे जावं लागतं. १८९३ मध्ये ब्रूअर आणि पॅट्रिक अलेक्झांडर या दोघांनी मिळून एक संग्रह छापला. १८१५ ते १८९१ या काळात ब्रिटिश पेटंट ऑफिसात हवाई वाहनांबद्दल दाखल झालेल्या स्पेसिफिकेशनांचा (पेटंटसाठी दिलेल्या शोधाच्या लेखी वर्णनांचा) सारांश, म्हणजे पाऊणशे वर्षांतली बलून, पिसांचे पंख, वाफेवर चालणारी पतंगयंत्रं, असं सगळं त्यात होतं.

हे काम दिसतं तितकं कारकुनी नाही. स्पेसिफिकेशनचा सारांश काढताना संशोधकाचा हेतू, यंत्राचे फायदे, भविष्याची स्वप्नं सगळं गाळायचं. कुठला भाग कशाला जोडला आहे, तो कुठल्या आसाभोवती फिरतो आणि फिरला की काय होतं, एवढंच ठेवायचं. अशी शेकडो यंत्रं नजरेखालून गेली की नवं यंत्र समोर येताच त्यातलं जुनं कोणतं आणि खरंच नवं कोणतं हे हाताला लागतं. एजंटाचं भांडवल तेच.

व्यवसायाची चौकट अशी होती. ब्रूअर यांचा जन्म १८६७ चा. लंडनच्या चॅन्सरी लेनवर ‘ब्रूअर अँड सन’ ही पेढी, आणि पेटंट ऑफिस शेजारीच साउदॅम्प्टन बिल्डिंग्जमध्ये. १८८३ च्या कायद्याने सुरुवातीची फी २५ पौंडांवरून ४ पौंडांवर आली. अर्जासोबत १ आणि संपूर्ण स्पेसिफिकेशनसोबत ३. साहजिकच अर्जांचा लोंढा सुरू झाला, आणि त्याबरोबर पाटी लावून बसलेले भोंदू एजंटही आले. म्हणून १८८८ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची केली. त्यानंतर नोंदणीशिवाय स्वतःला पेटंट एजंट म्हणवून घेता येईना. एजंटांच्या संस्थेला १८९१ मध्ये राजसनद मिळाली. ब्रूअर याच पिढीचे. त्याच १८९१ पासून ते स्वतः बलूनमधून उडू लागले होते, त्यामुळे हवेत काय होतं हे त्यांना फक्त कागदावरून ठाऊक नव्हतं.

आता रोजच्या कामातली खाच. ब्रिटनमध्ये आधी तात्पुरतं स्पेसिफिकेशन देता येई आणि नऊ महिन्यांच्या आत संपूर्ण. बहुतेक संशोधक घाईने तात्पुरता कागद अगदी मोघम लिहीत : ‘पंखांची सुधारित मांडणी’. नऊ महिन्यांत यंत्र बदलायचं, मग संपूर्ण कागदात भलतंच काहीतरी यायचं, आणि पुढे कोर्टात प्रतिपक्ष दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणायचा, हा शोध पहिल्या कागदात नाहीच. पेटंट तिथेच गारद. चांगला एजंट तात्पुरत्या कागदातही यंत्रणेचं तत्त्व आणि निदान एक पुरती बांधणी लिहून ठेवी. मोघमपणाने व्याप्ती वाढते असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात तिचा पायाच जातो.

दुसरी खाच आज बऱ्याच जणांना माहीत नसते. ब्रिटिश पेटंट ऑफिस त्या वेळी शोध नवीन आहे की नाही हे तपासतच नसे. १९०२ च्या कायद्याने मागच्या ५० वर्षांची ब्रिटिश स्पेसिफिकेशनं चाळायची तरतूद आली, पण ती अमलात आली १९०५ पासून. राइट बंधूंचं ब्रिटिश पेटंट, क्रमांक ६७३२, हे १९०४ चं. म्हणजे सरकारी तपासणीआधीच्या काळातलं. ते टिकतं की पडतं हे पुढे कोर्टातच ठरणार. अशा वेळी एजंटाने स्वतः केलेला शोध हीच काय ती तपासणी.

आणि तिथे कागद होता! १८६८ चं पेटंट क्रमांक ३९२, मॅथ्यू पिअर्स वॉट बोल्टन यांचं. यंत्राच्या दोन्ही बाजूंना फिरणारी छोटी पृष्ठं लावून कलतं यंत्र सावरायचं, म्हणजे चक्क एलेरॉन, राइट बंधूंच्या साडेतीन दशकं आधी. ते कुणी बांधून उडवलं नाही आणि लोक विसरून गेले. पण पेटंटच्या दृष्टीने विसरलेला छापील कागदही कागदच असतो. शिवाय १८९७ मध्ये लुई मुयार यांना अमेरिकेत पंखाचा भाग हलवून वळण घेण्याचं पेटंट मिळालं होतं. त्यासाठी ग्लायडरचे अभ्यासक आणि पुढे राइट बंधूंचे मित्र झालेले ऑक्टेव्ह शान्यूट यांनी मदत केली होती. राइट बंधूंचा क्लेम, म्हणजे पेटंटमधलं हक्काची हद्द ठरवणारं वाक्य, ‘बाजूची पृष्ठं हलवणे’ इतकाच असता, तर या दोन कागदांनी तो सहज कापला असता. तो का टिकला, हे बघायला अमेरिकेत जाऊ.

राइट बंधूंनी पहिला अर्ज स्वतःच लिहिला आणि २३ मार्च १९०३ रोजी दाखल केला. इंजिन लावून उडायला अजून नऊ महिने होते. परीक्षकाने तो फेटाळला : वर्णन अस्पष्ट, आणि हे यंत्र काम करू शकत नाही. विल्बरने खुलासा म्हणून सायकलच्या ट्यूबचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका पाठवला. दोन्ही टोकं उघडी ठेवून खोका दोन हातांत धरला आणि समोरासमोरचे कोपरे दाबले की वरची आणि खालची बाजू एकत्र पिळली जाते. एका टोकाला कोन वाढतो, दुसऱ्या टोकाला कमी होतो. कल्पना इतकी स्वच्छ, तरी परीक्षकाने कळवलं की या वस्तूचा काही उपयोग झाला नाही, आणि या कामातला जाणकार माणूस नेमा. परीक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. उडणाऱ्या यंत्रांचे अर्ज त्यांच्याकडे ढिगाने येत, आणि अर्जाच्या मजकुरात नाही ते खोक्यात आहे म्हणून ग्राह्य धरता येत नाही.

जानेवारी १९०४ मध्ये राइट बंधू ओहायोतल्या स्प्रिंगफील्डचे वकील हॅरी टूल्मिन यांच्याकडे गेले. तोवर १७ डिसेंबर १९०३ चं उड्डाण झालं होतं. तरीही टूल्मिन यांनी अर्जात इंजिन घातलं नाही, प्रोपेलर घातला नाही. १९०२ चं ग्लायडरच ठेवलं : पंखांची लांबी ३२ फूट १ इंच, क्षेत्रफळ ३०५ चौरस फूट, किटी हॉकच्या वाळूवर ७०० ते १,००० वेळा हवेत सोडलेलं. इंजिन घातलं असतं तर ‘हे उडतं हे सिद्ध करा’ या वादात परीक्षक अडकला असता. आणि इंजिनाशी बांधलेला क्लेम पुढे दुसरं इंजिन लावून कुणीही चुकवला असता. २२ मे १९०६ रोजी पेटंट ८,२१,३९३ मिळालं. शीर्षक ‘उडणारं यंत्र’ असलं तरी त्यातले अठरा क्लेम वाचले की दिसतं, पकड तोल आणि नियंत्रण यांवर आहे.

त्यातला मुख्य मुद्दा तांत्रिक आहे, आणि इथे इंजिनिअर हवाच. समजा यंत्राची डावी बाजू खाली गेली. पंख पिळून डाव्या टोकाचा कोन वाढवला, तर तिकडे उचल वाढते. पण कोन वाढला की हवेचा अवरोधही वाढतो. डावी बाजू मागे खेचली जाते, तिचा वेग घटतो आणि वेगाबरोबर उचलही. म्हणजे सावरायला गेलात त्यानेच बाजू आणखी खाली. १९०२ च्या ग्लायडरला मागे दोन स्थिर उभी शेपटं होती. यंत्र खालच्या बाजूला घसरू लागलं की त्या स्थिर शेपटावर बाजूने वारा आदळे आणि यंत्र त्याच बाजूला आणखी फिरे. पंखाचं टोक वाळूत रुते. बंधू थट्टेने त्याला ‘विहीर खणणं’ म्हणत. उपाय म्हणून शेपूट हलतं केलं, म्हणजे त्याचा रडर केला, आणि त्याची दोरी पंख पिळणाऱ्या दोरीलाच जोडली. चालक पालथा झोपून कमरेखालचा पाळणा एका बाजूला सरकवी, की पंख पिळले जात आणि त्याच हालचालीत रडरही फिरे.

क्लेममध्ये हे कसं आलं ते पाहा. रडर डावीकडे की उजवीकडे असं कुठेच नाही. रडरची जी बाजू वाऱ्याला सामोरी जाते ती पंखाच्या कमी कोनाच्या, म्हणजे कमी अवरोधाच्या बाजूकडची असावी, असं लिहिलं आहे. दोरी, कप्पी, पाळणा हे वर्णनात तपशिलाने आहेत. पण व्यापक क्लेममध्ये ‘पंखाच्या बाजूच्या कडा वेगवेगळ्या कोनांत आणण्याचं साधन’ इतकंच. शिवाय वर्णनात स्पष्ट म्हटलं आहे की दाखवलेल्या बांधणीपुरता शोध मर्यादित नाही. दोन्ही बाजूंच्या कडांचे कोन उलटसुलट बदलणारी कोणतीही बांधणी त्यात येते. पंख पिळणारं यंत्र दाखवून एलेरॉनही कवेत घेणारं वाक्य ते हेच. बोल्टन आणि मुयार यांच्या कागदांत न सापडणारी गोष्ट म्हणजे पंख आणि रडर यांची ही सांगड. हलणाऱ्या कडांच्या क्लेमवर वाद घालता येतो, या सांगडीच्या क्लेमवर फारसा नाही.

आता कर्टिस. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या गटात तयार झालेल्या त्याच्या यंत्राला एलेरॉन होते, पंख ताठ. ४ जुलै १९०८ रोजी ‘जून बग’ने किलोमीटरचं जाहीर उड्डाण केलं, त्याच महिन्यात ऑर्विलने पत्र लिहून पेटंटची आठवण दिली. ऑगस्ट १९०९ मध्ये दावा दाखल झाला. कर्टिसचा बचाव दोन पायांवर उभा होता : आमचे पंख पिळत नाहीत, आणि एलेरॉन वापरताना रडर वापरावा लागत नाही. पहिला पाय वरच्या वाक्याने गेला. दुसऱ्यावर बरीच झटापट झाली. बफेलोचे न्यायाधीश जॉन हेझल यांनी जानेवारी १९१० मध्ये दिलेला तात्पुरता मनाई हुकूम जूनमध्ये अपिलात उठलाही. पण पुराव्यात दिसलं की चालक काही वेळा दोन्ही एकत्र वापरतो, आणि यंत्र काही वेळ जरी क्लेमप्रमाणे चाललं तरी पेटंटचा भंग होतोच. फेब्रुवारी १९१३ मध्ये हेझल यांचा अंतिम निकाल राइट यांच्या बाजूने लागला, १३ जानेवारी १९१४ रोजी अपिलातही कायम झाला. विल्बर त्याआधीच, ३० मे १९१२ रोजी, वारला होता.

नवे लोक इथे हमखास एक गफलत करतात. बेल, कर्टिस आणि सहकाऱ्यांना डिसेंबर १९११ मध्ये एलेरॉनचं स्वतःचं अमेरिकी पेटंट मिळालं होतं. मग भंग कसा? पेटंट म्हणजे स्वतः वापरण्याचा परवाना नव्हे. दुसऱ्याला अडवण्याचा हक्क. सुधारणेचं पेटंट तुमचं, मूळ तत्त्वाचं दुसऱ्याचं, तर दोघेही एकमेकांच्या परवानगीशिवाय हलू शकत नाहीत. अमेरिकेत १९१७ पर्यंत जवळपास तेच झालं. शेवटी युद्धाच्या दडपणाखाली कारखानदारांचा संघ निघाला आणि प्रत्येक विमानामागे २०० डॉलर ठरले : १३५ राइट पेटंट हाती असलेल्या राइट-मार्टिन कंपनीला, ४० कर्टिसला, २५ संघाच्या खर्चाला.

निकालानंतरची पळवाटही अभ्यासण्यासारखी आहे. कर्टिसने डब्ल्यू. बेंटन क्रिस्प यांचा सल्ला घेतला. सेल्डनच्या मोटारगाडीच्या पेटंटविरुद्ध फोर्डच्या बाजूने लढलेले हे वकील. त्यांची युक्ती अशी की एका वेळी एकच एलेरॉन हलवायचा, दुसरा तसाच ठेवायचा. म्हणजे ‘उलटसुलट कोन’ उरत नाही. राइट यांना नवा दावा लावावा लागला. क्लेम लिहितानाच हा प्रश्न स्वतःला विचारायचा असतो : यातला एक शब्द चुकवून हेच काम करून घ्यायचं असेल तर मी काय करीन?

ब्रूअर या सगळ्यात कुठे येतात? १९०८ नंतर ते ब्रिटनमधले राइट यांचे भरवशाचे माणूस झाले. १९०९ मध्ये शॉर्ट बंधू या ब्रिटिश कारखानदारांना सहा राइट विमानं परवान्याने बांधायला मिळाली, तेव्हा एक गंमत उघड झाली : पेटंट होतं, पण कारखान्याला लागणारे नकाशे नव्हते. होरेस शॉर्टला फ्रान्समध्ये जाऊन उभ्या यंत्राची मापं घेऊन आरेखनं करावी लागली. पेटंटमधली आकृती तत्त्व दाखवते. लाकडाची जाडी, तारेचा ताण, जोडपट्टीची भोकं तिच्यात नसतात. म्हणून परवान्याचा करार करताना पेटंटचा हक्क, आरेखनं आणि प्रशिक्षण या तीन गोष्टी तीन वेगळ्या कलमांत मांडायच्या. एकात दुसरं गृहीत धरलं की भांडण ठरलेलं.

१९१३ मध्ये ब्रिटिश राइट कंपनी निघाली, ब्रूअर तिच्या कारभारात प्रमुख. ब्रिटिश सरकारच्या विमानांत हे नियंत्रण वापरलं जात होतं. अमेरिकेसारखा वर्षानुवर्षांचा खटला न लढवता १९१४ मध्ये १५,००० पौंडांवर एकरकमी तडजोड झाली. काहींना ही रक्कम किरकोळ वाटते. मला ती शहाणपणाची वाटते. १८६८ चा बोल्टनचा कागद समोर, पेटंटची मुदत चौदा वर्षांची, म्हणजे १९१८ ला संपणारी, आणि युद्ध सुरू झालेलं. अशा वेळी कोर्टात जाऊन व्यापक क्लेम पणाला लावायचा नसतो.

त्यांचं सगळ्यात बारकाईचं काम मात्र पुराव्याचं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युअल लँग्ली यांचं ‘एरोड्रोम’ हे विमान १९०३ मध्ये ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर असं दोनदा पोटोमॅक नदीत कोसळलं होतं. १९१४ मध्ये ते कर्टिसच्या हॅमंड्सपोर्टच्या कारखान्यात दुरुस्त करून २८ मे रोजी पाण्यावरून थोडं उचललं गेलं. अपिलातल्या निकालाने राइट पेटंटला आद्य शोधाचा दर्जा दिला होता, म्हणून क्लेम सैल हाताने वाचले जात होते. त्याआधीचं यंत्र उडू शकत होतं असं दिसलं, तर तो दर्जा डळमळीत होणार, हा त्यामागचा हिशोब. ब्रूअर त्या वेळी अमेरिकेत होते. त्यांनी जाऊन यंत्र पाहिलं आणि जूनमध्ये न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून विचारलं की हे मूळ यंत्रच आहे का. पुढे ऑक्टोबर १९२१ मध्ये लंडनच्या रॉयल एरोनॉटिकल सोसायटीपुढे त्यांनी बदलांची जंत्रीच मांडली : पंखांची वक्रता, ताणाच्या तारांची व त्यांच्या खांबांची जागा, प्रोपेलर, खाली लावलेले तराफे. मूळ यंत्रात पंखाचा सांगाडा आणि तारांची टेकण चुकीच्या जागी असल्याने पंख भार पेलत नव्हता, आणि नेमकं तेच बदललं होतं. ‘फसवणूक’ वगैरे शब्दांपेक्षा ‘१९०३ मध्ये असं, १९१४ मध्ये असं’ ही दोन रकान्यांची मांडणी जास्त जड पडते. स्मिथसोनियनने या चाचण्यांबद्दलच्या आपल्या म्हणण्यात जाहीर दुरुस्ती केली ती मात्र १९४२ मध्ये. ब्रूअर १९४० ते १९४२ या काळात त्याच सोसायटीचे अध्यक्ष होते. १९४८ मध्ये त्यांचं निधन झालं.

तारखांबद्दल एक इशारा. जर्मनीत राइट पेटंट अर्जाआधीच्या प्रसिद्धीमुळे अडखळलं : विल्बरचं १९०१ चं छापलेलं भाषण आणि शान्यूट यांनी एप्रिल १९०३ मध्ये पॅरिसमध्ये दिलेली माहिती आधीच जगासमोर होती. अखेर तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पंख आणि रडर यांची सांगड तेवढी टिकली. मित्राने कौतुकाने केलेलं भाषणही पेटंट खाऊ शकतं.

हे तुमच्या कामाचं अशासाठी, की आजही बहुतेक देशांत तेच चालतं. भारतात पेटंट कायद्याच्या कलम ३१ ची सवलत फार अरुंद आहे : सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध, तोही बारा महिन्यांच्या आत अर्ज केला तर. ड्रोनची चाचणी आधी यूट्यूबवर टाकून मग अंटॉप हिलच्या पेटंट ऑफिसात अर्ज करणं म्हणजे स्वतःच्या हाताने आधीचा कागद तयार करणं. परदेशात आधी अर्ज करायचा तर कलम ३९ ची लेखी परवानगी. नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. एजंट व्हायला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी पुरते. परीक्षेत दोन्ही लेखी पेपरांत किमान ५०-५० गुण आणि तोंडी परीक्षेसह एकूण ६० टक्के लागतात.

विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी शिवकर बापूजी तळपदे आणि १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर विमान उडवल्याचा दावा काढतंच. अभिमान वा चेष्टा दोन्ही बाजूला ठेवून तिथेही एजंटाचाच प्रश्न विचारा : कलतं यंत्र सावरायला कोणता भाग, कशाला जोडलेला, कुठल्या आसाभोवती फिरत होता? याचं उत्तर देणारं वर्णन हातात नसेल, तर यंत्र उडालं की नाही या वादात एजंटाला करण्यासारखं काही उरत नाही.

सराव म्हणून ८,२१,३९३ काढा. फुकट मिळतं. आधी आकृत्या बघून, क्लेम झाकून, स्वतः एक क्लेम लिहा. मग त्यातला ‘दोरी’ हा शब्द काढून चालतं का पाहा, मग ‘पिळणे’, मग ‘दोन पंख’. जो शब्द काढल्यावर बोल्टनचं १८६८ चं यंत्र आत शिरतं, त्याच्या एक पायरी आधी थांबा. मग मूळ क्लेम उघडा, आणि पहिल्या व सातव्या क्लेममध्ये फरक काय आहे ते शेजारी लिहून काढा.